बिनवायरीच्या खेळाची आवई

कस्तुरीचा आवाज तिच्याआधी जिना चढून वर यायचा. इंदिरानगरात साड्यांच्या एका दुकानावर, दुसऱ्या मजल्याला आमची कंपनी होती. खाली वॉचमनशी कन्नडमध्ये काहीतरी हुज्जत, मग जिन्यात कुणाला तरी हाक, आणि दार ढकलता ढकलता मला मराठीत, "स्मिता, चहा झाला का गं? माझा राहिलाय." मी नागपूरहून नुकतीच आले होते. बंगलोरमध्ये ओळखीचं कुणी नव्हतं, भाषा येत नव्हती, ऑफिसात सगळे आपसात हिंदी-इंग्रजी बोलायचे. तिनं मला खोली शोधून दिली, रिक्षावाल्याशी काय बोलायचं ते शिकवलं आणि पहिल्याच दिवाळीला घरी जेवायला नेलं. तिच्या घरातलं मी जे सांगणार आहे त्यातलं काही मी पाहिलेलं आहे, बाकीचं तिनंच मला सांगितलं.

घर यशवंतपूरला, स्टेशनच्या मागे, एका ओळीत बांधलेल्या बैठ्या खोल्यांपैकी दोन. वडील जयसिंगराव मूळचे निपाणीचे. तरुणपणी इकडे आले, बाजार समितीच्या यार्डात कांदा-बटाट्याच्या एका व्यापाऱ्याकडे वजनकाट्यावर उभे राहिले आणि तिथंच त्यांचे केस पिकले. आई सोयराबाई. घरात बोलायचे मराठी, पण त्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं की 'भाजी स्वल्पच घेतलीस' आणि 'बरं'च्या जागी 'सरी, जाऊन ये' हे मलाही मराठीच वाटायला लागलं होतं. कस्तुरी थोरली. तिच्या पाठीवर बऱ्याच वर्षांनी अजिंक्य झाला. तो तान्हा असताना सोयराबाई फार आजारी होत्या, त्यामुळे पोर वाढलं ते बहिणीच्याच कडेवर. आईला न सांगितलेल्या गोष्टी तो अक्काला सांगायचा. ती इंजिनिअरिंगला बेळगावला गेली तेव्हा यानं जेवण सोडलं होतं, हे सोयराबाई हसत हसत सांगायच्या आणि तो लाजून उठून जायचा.

नोकरी लागल्यावर कस्तुरीनं त्याला टीव्हीला जोडून खेळायचं व्हिडिओ गेमचं जुनं यंत्र आणून दिलं. अजिंक्य बी. कॉम. ला होता, तरी त्याचा जीव त्या यंत्रात. मल्लेश्वरमला नुकत्याच निघालेल्या सायबर कॅफेत बसून तो जगभरच्या खेळणाऱ्यांनी लिहिलेलं वाचायचा आणि घरी येऊन अक्काला ऐकवायचा. पुढच्या वर्षी नवा कन्सोल, म्हणजे खेळायचं नवं यंत्र येणार, त्यात असं असणार, तसं असणार. कस्तुरी भाकरी थापता थापता हूं हूं म्हणायची.

आमचं काम मोठं मजेचं होतं. एका परदेशी कंपनीनं आम्हाला एक डबा बनवायला दिला होता. एका यंत्रातलं चित्र वायरीशिवाय चार वेगवेगळ्या टीव्हींवर पोहोचवायचं, आणि हवं तर चारही टीव्हींवर वेगळं. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारायचं नव्हतं. घरीदारी बोलणार नाही, असं सगळ्यांकडून लिहून घेतलं होतं. एका खोलीत चार टीव्ही चार कोपऱ्यांत ठेवले होते. मधून कुणी चालत गेलं की चित्र फाटायचं. कुणी मायक्रोवेव्हमध्ये जेवण गरम करायला ठेवलं की चारही पडद्यांवर मुंग्या धावायच्या, त्यामुळे चाचणी चालू असताना आम्ही सगळे गारच जेवायचो. चित्र भरभर हलणारं हवं म्हणून आमचे प्रमुख अद्वैत यांनी भाड्यानं एक गेमचं यंत्र आणलं आणि गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लावून ठेवला. मल्हार म्हणून मुंबईचा एक जण आमच्यात होता, तो जेवणाच्या सुट्टीत ती गाडी पळवायचा आणि आम्ही चार कोपऱ्यांतून ओरडायचो. या सगळ्यावरून आम्ही आपापल्या मनाशी ठरवूनच टाकलं होतं की हा डबा गेमचाच. तोंडानं कुणी बोलत नसे.

एका शनिवारी जयसिंगरावांना यार्डात चक्कर आली. शेजारच्या दुकानातून अजिंक्यनं ऑफिसला फोन लावला, तो लागेना. मग तो बस बदलत थेट इंदिरानगरला आला. वॉचमन जागेवर नव्हता. अजिंक्य आवाजाच्या रोखानं आत आला तो त्या खोलीच्या दारातच. चारही टीव्हींवर लाल गाडी पळत होती. तो घाबरून आला होता, तरी क्षणभर बघतच राहिला.

"अक्का, वायर कुठंय?" तो म्हणाला.

मग त्याला आठवलं आपण कशाला आलोय ते. "अप्पांना चक्कर आलीया. दवाखान्यात नेलंय."

दोघं रिक्षा करून गेली. जयसिंगरावांचा रक्तदाब वाढल्याचं निघालं, संध्याकाळी ते घरी आले, सगळं निभावलं. रिक्षात मात्र अजिंक्यनं एकदा विचारलं होतं, "ते नव्या कन्सोलचं हाय काय?" आणि कस्तुरीनं त्याचं मनगट धरून सांगितलं होतं, "अजू, तू तिथं काही पाहिलं नाहीस. कळलं? काही नाही." तो म्हणाला, "सरी."

ऑफिसात तिनं हे कुणाला सांगितलं नाही. खोलीत तेव्हा ती आणि मी, दोघीच होतो. मलाही ते सांगण्यासारखं वाटलं नाही. वडील आजारी म्हणून धावत आलेला भाऊ, त्यात काय सांगायचं.

पुढे काही आठवड्यांनी एका सकाळी अद्वैत यांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. एरवी ते विनोद करत बोलायचे. त्या दिवशी त्यांनी एक छापलेला कागद टेबलावर ठेवला. इंटरनेटवर गेम खेळणारे आपसात जिथं लिहीत अशा एका फळ्यावर कुणीतरी टोपणनावानं लिहिलं होतं: पुढच्या वर्षी येणाऱ्या कन्सोलमध्ये वायरीशिवाय चार टीव्हींवर खेळता येणार, प्रत्येक खेळाडूला स्वतःचा पडदा, आणि त्याचं गुपचूप काम बंगलोरमध्ये चाललं आहे.

"क्लायंटनं हे आपल्याला पाठवलंय," अद्वैत म्हणाले. "बंगलोरमध्ये असं काम आपल्याशिवाय कोण करतं, ते मला माहीत नाही. ज्याच्याकडून हे झालं असेल त्यानं मला एकट्याला येऊन सांगावं."

त्याच दिवशी त्या खोलीला कुलूप लागलं. काम थांबलं, पण आम्ही रोज येऊन टेबलापाशी बसत होतो. चहाला जाताना आधी घोळका असायचा, आता एकेक जण जायचा. मल्हार दुपारी इंटरनेटवर अनोळखी लोकांशी गप्पा मारायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्यांदा लोकांनी त्याच्याकडे बघायला सुरुवात केली. मग त्याच्याशी बोलणं बंद झालं. तो माझ्यापाशी येऊन म्हणाला, "स्मिता, यार, मी क्रिकेटवर गप्पा मारतो. तू तरी विश्वास ठेव." मी मान डोलावली, पण मनातून माझीही खात्री नव्हती.

कस्तुरीचा आवाज जिन्यात येईनासा झाला होता.

त्यातल्याच एका संध्याकाळी तिनं अजिंक्यला घराबाहेर, पाण्याच्या टाकीपाशी नेलं आणि विचारलं.

"तू काही लिहिलंस का रे तिथं? कॅफेत?"

"कशाबद्दल?"

"नाटकं नकोत, अजू. चार टीव्ही. बिनवायरीचं."

त्यानं टाकीचा गळका नळ आवळला. मग म्हणाला, "मी वाचलं ते. लिहिलं न्हाई."

"वाचलंस? कधी?"

"लई दिवस झाले."

"मग मला सांगितलं का नाहीस? एरवी तर जेवू देत नाहीस सांगून सांगून."

"तूच म्हणालीस काही पाहिलं न्हाई म्हणून. मग काय सांगू?"

खरं म्हणजे याहून सरळ उत्तर असू शकत नाही. पण कस्तुरीच्या डोक्यात एकच घोळत होतं. याला गेमचं वेड, यानं खोली पाहिली, हा तिथं जातो, आणि हा पहिल्यांदाच आपल्यापासून काही लपवतो आहे. तिनं पुन्हा विचारलं, मग आवाज चढवून विचारलं. तो म्हणत राहिला, न्हाई अक्का, न्हाई. शेवटी तो चप्पल घालून स्टेशनच्या दिशेनं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "मी अद्वैतना सांगणार आहे. अजू इथं येऊन गेला म्हणून."

"वेडी आहेस का? तो नाही म्हणतोय ना?"

"म्हणतोय. पण मल्हारला काढणार आहेत, स्मिता. काल त्याचा कॉम्प्युटर उचलून नेला. उद्या तो गेला, आणि मग निघालं की माझ्याच घरातून झालं होतं, तर?"

"आणि नसेलच झालं तुझ्या घरातून?"

ती उठली आणि अद्वैत यांच्या केबिनमध्ये गेली. काचेतून मला दिसत होतं. ती उभ्यानंच बोलत होती, आणि तिचं ऐकता ऐकता अद्वैत हळूहळू खुर्चीत मागे रेलले.

कंपनीचे वकील श्रीकांत म्हणून होते. त्यांनी अजिंक्यला ऑफिसात बोलावलं. जयसिंगराव त्याच्याबरोबर आले. यार्डातून रजा घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून. मोठ्या टेबलाच्या एका बाजूला वकील आणि अद्वैत, समोर बाप-लेक. वकिलांना मराठी येत नव्हतं आणि कन्नडही नाही, ते इंग्रजीत विचारायचे. जयसिंगरावांना ते कळावं म्हणून कस्तुरीला मध्ये बसवलं होतं. तिथं काय झालं ते तिनं मला त्याच दुपारी, गच्चीवर, तुटक तुटक सांगितलं.

वकील चढ्या आवाजात बोलणारे नव्हते. त्यांनी अजिंक्यला पाणी दिलं. म्हणाले, तुझ्यावर पोलिसात जायचा आमचा विचार नाही. तू लहान आहेस. झालं ते कबूल कर, सही कर, क्लायंटला आम्ही दाखवू की कंपनीतल्या कुणी हे मुद्दाम केलं नाही. विषय संपला.

अजिंक्य इंग्रजीत म्हणाला, "आय डिड नॉट राइट."

वकिलांनी तोच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारला. तेच उत्तर आलं. जयसिंगरावांनी कस्तुरीला विचारलं, "काय सांगाय लागल्यात हे?" तिनं सांगितलं. ते वकिलांकडे बघून कन्नडमध्ये म्हणाले की पोरगा नाही म्हणतो आहे, तर नाही. आणि मग मराठीत, मुलीला, "यांना सांग, माझं पोरगं खोटं बोलत न्हाई."

कस्तुरीनं ते इंग्रजीत सांगितलं नाही. ती भावाकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "अजू, झालं असेल चुकून तर सांगून टाक. कुणी काही करणार नाही तुला. मोकळा होशील."

अजिंक्यनं तिच्याकडे पाहिलं. "तुला काय वाटतंय, अक्का? मी लिहिलं?"

"मला इतकंच," ती मला म्हणाली, "इतकंच म्हणायचं होतं की नाही, तू नाही लिहिलंस. जिभेवर आलंच नाही गं."

तो उठला. अद्वैत बसा बसा म्हणेपर्यंत दार उघडून बाहेर गेला. जयसिंगराव त्याच्यामागे गेले. जाताना मुलीच्या पाठीवर हात ठेवायची त्यांची सवय होती. त्या दिवशी त्यांनी ठेवला नाही.

मल्हारची नोकरी वाचली. कस्तुरीला राजीनामा द्यायला सांगितलं. अद्वैत तिला म्हणाले की तू प्रामाणिकपणे सांगितलंस याची मला किंमत आहे, पण कुणावर तरी कारवाई झाली हे क्लायंटला दिसलं पाहिजे. ती पिशवीत जेवणाचा डबा आणि चहाचा कप टाकून जिना उतरून गेली. खाली वॉचमन उठून उभा राहिलेला मी खिडकीतून पाहिला.

अजिंक्यनं घरात भांडण केलं नाही. ते केलं असतं तर बरं झालं असतं, असं सोयराबाई मला म्हणाल्या. तो अक्काशी बोलायचा बंद झाला. ती खोलीत आली की तो बाहेर जायचा. तिनं दिलेलं यंत्र त्यानं कापडात गुंडाळून माळ्यावर टाकलं. मग वार्षिक परीक्षेला बसलाच नाही. उन्हाळ्यात निपाणीला काकांकडे जातो म्हणून गेला आणि तिथंच त्यांच्या तंबाखूच्या वखारीत कामाला लागला. फोन यायचा तो जयसिंगरावांना, यार्डात. घरी शेजाऱ्यांकडे तो कधी फोन करत नसे, कारण तिथं बोलावलं तर फोन घ्यायला अक्का येण्याची शक्यता होती.

कस्तुरीला बरेच दिवस काम मिळालं नाही. जिथं जाई तिथं जुनी नोकरी का सोडली हे विचारत आणि तिला गोलमाल बोलणं जमत नसे. मी तिला भेटायला जायची. ती तांदूळ निवडत बसलेली असायची. गप्पा मारायची, हसायचीही. पण मध्येच थांबून म्हणायची, "टोपणनाव काय होतं गं त्या लिहिणाऱ्याचं?" मी सांगायची, मला आठवत नाही. तिला तोंडपाठ होतं. त्या नावातून अजिंक्यशी जुळणारं काही निघतं का, हे ती अजून शोधत होती. निघावं असंच तिला वाटत होतं की काय, अशी मला कधी कधी शंका यायची. निघालं असतं तर तिची तरी सुटका झाली असती.

खरं काय ते मल्हारनं शोधून काढलं. आपल्यामुळे कस्तुरीची नोकरी गेली हे त्याच्या मनाला लागलं होतं. तो महिनोन्‌महिने त्या फळ्यावरचं जुनं जुनं लिखाण उपसत राहिला आणि एक दिवस त्यानं मला स्वतःच्या टेबलापाशी बोलावलं. तीच बातमी, जवळजवळ त्याच शब्दांत, त्याच टोपणनावानं, आमचं काम सुरू व्हायच्या कितीतरी आधी लिहिली गेली होती. तेव्हा बातमीत बंगलोरच्या जागी तैवान होतं. दुसऱ्या एका फळ्यावर मनिला. शेवटी बंगलोर. कुणीतरी कुठंतरी बसून थापा मारत होता आणि गावाचं नाव बदलत होता. त्या दिवसांत कॉम्प्युटरची कुठलीही गोष्ट म्हटली की जगभर लोकांच्या तोंडी बंगलोर यायचंच.

वर आणखी एक गोष्ट कळली. आमचा डबा तयार झाला आणि क्लायंटनं तो बाजारात आणला. तो गेमचा नव्हताच. मोठमोठ्या दुकानांत भिंतीभिंतीवर जाहिराती दाखवायला तो होता. आणि तो गाजावाजा झालेला कन्सोल आला तेव्हा त्याच्या पाठीतून एक वायर निघत होती आणि ती एका टीव्हीला जोडायची होती.

मी आणि मल्हार दोघं यशवंतपूरला गेलो. मल्हारनं सगळं सांगितलं. कस्तुरी ऐकत राहिली. जयसिंगराव बाजेवर बसले होते, ते म्हणाले, "मग? मी काय सांगितलं होतं?" आणि उठून बाहेर गेले. सोयराबाईंनी आम्हाला चहा दिला, पण स्वतः चुलीकडे तोंड करून बसल्या.

कस्तुरीनं दुसऱ्याच दिवशी निपाणीची बस पकडली.

वखारीत तंबाखूची पोती चढवणं चालू होतं. अजिंक्य काकांच्या खुर्चीपाशी उभा होता. अंगानं भरला होता, मिशी राखली होती. तिला पाहून पुढे आला आणि म्हणाला, "या अक्का. बसा. कधी निघालात?"

ती मला म्हणाली, "स्मिता, तो मला आयुष्यात कधी अहो-जाहो बोलला नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं."

तिनं तिथंच, पोत्यांच्या धुळीत, सगळं सांगून टाकलं. तैवान, मनिला, जाहिरातींचा डबा. "अजू, तू नव्हतास. आता सगळं कळलंय. माझं चुकलं."

तो शांतपणे ऐकत होता. म्हणाला, "मला ठाऊकच होतं की अक्का. तुम्हाला आत्ता कळलं." आणि मग, तिचे डोळे भरलेले पाहून, "चहा घ्या. काकू वाट बघत असतील." त्यात राग नव्हता. तिला तो शोधूनही सापडला नाही.

'चल घरी' असं ती म्हणाली, तेव्हा त्यानं मान हलवली. इथं बरं चाललंय, म्हणाला.

त्यानंतर कस्तुरी सावरली, म्हणजे लोकांच्या दृष्टीनं सावरली. जे. पी. नगरला कानाची यंत्रं बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत तिला काम मिळालं. मालकांनी जुन्या नोकरीबद्दल विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं आणि त्यांनी तिला घेतलं. आमची भेट रविवारी व्हायची. आवाज बराचसा परत आला होता. पण कुणाबद्दल कुणी काही ऐकीव सांगायला लागलं, अगदी ऑफिसातली साधी कुचाळकी असली, तरी ती उठून दुसरीकडे जायची. लोकांना ते शिष्टपणाचं वाटायचं.

नव्व्याण्णव सालच्या भाऊबीजेला ती निपाणीला गेली. काकूंनी पाट मांडला होता. अजिंक्य आंघोळ करून बसला. तिनं ओवाळलं, त्यानं तबकात साडी ठेवली आणि वाकून नमस्कार केला. जेवताना काकूंच्या तोंडून निघून गेलं की हा बाहेरून परीक्षा देऊन बी. कॉम. झाला.

"कधी रे?" कस्तुरीनं विचारलं.

"झाले दोन-तीन महिने."

"अप्पांना सांगितलंस?"

"न्हाई. तुम्ही जाताय न्हवं, तुम्हीच सांगा."

परत आल्यावर ती घरी न जाता पिशवीसकट आधी यार्डात गेली. जयसिंगराव काट्यापाशी होते. तिनं वाटेत घेतलेले पेढे त्यांच्या हातावर ठेवले आणि बातमी सांगितली. कुणाकडून कळलं असं त्यांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "त्यानंच सांगाय सांगितलंय, अप्पा." त्यांनी एक पेढा तोंडात टाकला, उरलेले हमालांना वाटले आणि तिला म्हणाले, "ऊन झालंय. पिशवी इथं ठेव, मी आणतो संध्याकाळी."